कप्तानाचं हसू

मालिकेतल्या अंतराळयानाला पुन्हा आग लागली, पण आज कप्तान हसला नाही. शालिनीबाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. त्यांचे नट असलेले यजमान वारले, तरी त्यांचाच चेहरा, आवाज आणि हसणं घेऊन मालिकेने संगणकावर हा कप्तान घडवला होता. त्या रोज ते हसू बघायलाच टीव्हीसमोर बसत.

शेजारी त्यांचा मुलगा हेरंब बसला होता. प्रेक्षकांच्या चर्चेत त्यानेच तावातावाने लिहिलं होतं, 'यान जळतंय आणि हा हसतो? काहीही दाखवतात.' सगळ्यांना ते पटलं आणि मालिकेने कप्तानाला गंभीर केलं. आजारपणातही बाबा असेच हसायचे, हे हेरंबला ठाऊक होतं. पण तेव्हा त्याला वाद जिंकायचा होता.

"हेरंबा," आई हळूच म्हणाली, "हे माझ्यावर रागावलेत का रे?"