बयूमीची वेगळी सुरई

सनिय्यानं बयूमीचा पेला काठोकाठ भरला. सगळ्यांसाठी एक सुरई होती, त्याच्यासाठी वेगळी. त्याच्या सुरईत ज्येष्ठमधाची मुळी तिप्पट, तीही दिवसभर भिजवलेली. रंग काळाकुट्ट उतरला होता.

रोजा सोडायची, मगरिबची बांग नुकतीच झाली होती. रमजानचा चोविसावा रोजा. गेल्या वर्षी याच बयूमीच्या ट्रकखाली तिचा तरणाताठा मुलगा शहाता गेला. ब्रेक फेल झाले, असं कोर्टात शपथेवर सांगून मेला सुटला. ट्रक दुसऱ्याच दिवशी ऊस भरून धावत होता. तेव्हापासून सनिय्याच्या पोटात आग पेटलेली.

या रमजानला तिनं शहाताच्या नावानं दारात सरबत मांडलं. येईल त्याला द्यायचं, नाही म्हणायचं नाही. पिणाऱ्यानं मेलेल्यासाठी फातिहाची दुआ म्हणायची. पहिल्याच संध्याकाळी बयूमी रांगेत उभा. निर्लज्जपणाची हद्द झाली, असं तिला वाटलं. मग आठवलं, याला तर ब्लडप्रेशर आहे.

समोरच्या औषधांच्या दुकानातल्या जकीला परवा राहवलं नाही. "वहिनी, खोकल्याला, पोटाला ही मुळी चांगली. पण प्रेशरवाल्याला रोज पाजली तर जीव घेते. त्याचे पाय बघा कसे सुजलेत."

"बघते की रोज," सनिय्या म्हणाली. "तेवढंच सुख उरलंय."

आज बयूमीला पेला नीट धरवेना. निम्मं सरबत सदऱ्यावर सांडलं. तो पायरीवर मटकन बसला.

"शहाताची आई," तो हळूच म्हणाला, "अजून किती दिवस लागतील?"

"कशाला?"

"मरायला. ज्येष्ठमधाला शिवायचं नाही, असं डॉक्टरनं मला दोन वर्षांपूर्वीच बजावलंय. म्हणून तर येतो. ब्रेक धड होते. मला डुलकी लागली होती. स्वतःहून मरायची हिंमत नाही. तुमच्या हातून गेलो तर सुटेन तरी."

चोवीस दिवस आपण सूड घेतोय असं सनिय्या धरून चालली होती, आणि हा तिच्याच हातून सुटका करून घेत होता.

तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला. त्याची सुरई गटारात उपडी केली. रांगेतली माणसं अवाक झाली. मेलेल्याच्या नावाचं सरबत आजवर कुणी कुणाला नाकारलं नव्हतं.

"उद्यापासून तुला थेंब मिळायचा नाही," ती म्हणाली. "दवाखान्यात जा, गोळ्या घे, पोटभर जेव. तुला खूप वर्षं जगायचंय."