तिसऱ्यांदा गळती

"झाकणाला हात लावू नका, भाजेल," मेकॅनिक म्हणाला.

"माझ्या गाडीचं झाकण तू मला शिकवू नकोस," म्हातारा म्हणाला. पण हात मागे घेतला.

दोन महिन्यांतली ही तिसरी खेप. सत्तावीस वर्षांची गाडी, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पातळी पुन्हा टाकीच्या खालच्या खुणेच्याही खाली गेलेली. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी या मॉडेलपुढे केव्हाच हात टेकले होते. उरला होता हा एकटा, आणि नेमका हाच म्हाताऱ्याचा जावई होता.

जावई हा शब्द अर्थात म्हाताऱ्याच्या तोंडी कधी आला नाही. एकुलत्या एका मुलीने तीन वर्षांपूर्वी त्याच्या नाकावर टिच्चून या माणसाशी लग्न केलं. त्याच दिवशी त्याने बायकोला बजावलं की मुलीच्या घराची पायरी चढायची नाही. मुलगी गॅरेजच्या वरच्याच दोन खोल्यांत राहत होती. सहा महिन्यांपूर्वी तिला मुलगा झाल्याचं कानावर आलं, तेव्हा म्हातारा जेवत होता. त्याने मीठ मागितलं आणि विषय संपवला.

"आज सापडली नाही गळती, तर उद्या गाडी भंगारात," तो म्हणाला. "निदान तुझं तोंड तरी बघावं लागणार नाही."

मेकॅनिकचा चेहरा उतरला. "सापडेल. आधी इंजिन थंड होऊ द्या. तासभर तरी जाईल."

"दर वेळी तुझा तास!"

"मग उकळतं पाणी अंगावर घेऊ का?"

म्हाताऱ्याची बायको नाकाला रुमाल लावून दारातच उभी होती. तिच्या अंगठ्याला पट्टी होती आणि कपाळाला आठ्या. "तासभर या वासात? मला नाही जमायचं," ती कडाडली. "मी कोपऱ्यावरून गुडघ्याचं मलम घेऊन येते. या माणसासमोर उभी राहिले तर माझं डोकं फिरेल."

"बसायचं तर खुर्ची आहे," मेकॅनिक म्हणाला.

"तुझ्या घरचं पाणीसुद्धा नको मला, खुर्ची कसली देतोस!"

"जा तू," म्हातारा समाधानाने म्हणाला. बायको आपल्या बाजूची आहे याचं त्याला बरं वाटलं असावं. "मी इथून हलत नाही."

आणि तो खरंच हलला नाही. कारखान्यात तीस वर्षं त्याने माणसांवर देखरेख केली होती. नजर हटली की कामगार हात मारतो, हे त्याचं सगळं शहाणपण. तो मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहिला आणि त्याच्या हातांकडे डोळे फाडून बघत बसला.

इंजिन निवल्यावर मेकॅनिकने रेडिएटरचं झाकण काढून तिथे छोटा हातपंप बसवला आणि दाब भरला. पंपावरचा काटा वर चढला, क्षणभर थांबला आणि हळूहळू घसरू लागला.

"दिसलं? कुठूनतरी जातंय."

"ते मला घरीच कळलं होतं. कुठून ते सांग."

मेकॅनिक टॉर्च घेऊन वाकला. रेडिएटर कोरडा. वॉटर पंप कोरडा. मागच्या खेपेला आवळलेला पुढचा पाइपही कोरडा. तो इतका सावकाश बघत होता की म्हाताऱ्याच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"झोपलास का खाली?"

"घाई असेल तर दुसरीकडे न्या."

"दुसरीकडे कोणी घेत नाही म्हणून तर तुझ्या दारात आलो!"

"मग गप्प उभे राहा."

असं म्हाताऱ्याला गेल्या कित्येक वर्षांत कोणी बोललं नव्हतं. त्यानेही मग मेकॅनिकची अक्कल काढली, शिक्षण काढलं, खानदान काढलं. मेकॅनिकही कमी नव्हता, एकाचे दोन परत करत होता. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून ऐकत बसला.

शेवटी इंजिनाच्या मागे, आतल्या हीटरकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी एक हिरवट थेंब सापडला. पाइप आवळणारी क्लिप सैल होती.

"क्लिप काय आपोआप सैल होते? तूच ठेवली असशील!"

"मागच्या वेळी मी हिला हातसुद्धा लावला नाही. तुम्ही उभेच होतात ना डोक्यावर? मग काय बघत होतात?"

म्हातारा जास्तच चिडला. मेकॅनिकने नवा पाइप घातला, नवी क्लिप आवळली, कूलंट भरलं आणि पुन्हा दाब दिला. पंधरा मिनिटं झाली तरी काटा जागचा हलला नाही.

एवढ्यात बायको मलमाची ट्यूब घेऊन परतली. तिचे डोळे लाल झाले होते.

"दुकानात केवढी गर्दी!" ती म्हणाली. "त्यात हा रस्त्यावरचा धूर. झालं का याचं एकदाचं?"

"म्हणतो तरी तसं. मी चक्कर मारून बघतो." म्हाताऱ्याने किल्ली हिसकावून घेतली. "पुन्हा एक थेंब जरी पडला ना, तर त्याच दिवशी गाडी भंगारात. आणि तू इथेच थांब, याच्यावर नजर ठेव. जुना पाइप मला घरी न्यायचाय, नाहीतर गायब करेल हा."

"ठेवते ना. एक नंबरचा लबाड आहे," बायको म्हणाली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती मेकॅनिककडे रागाने बघत राहिली. मग तिने रुमालाने डोळे पुसले.

"आज नातू मांडीवरच झोपला, जावईबापू," ती हळूच म्हणाली. "आता पाण्याचं नको, हे खरंच गाडी भंगारात घालतील. दुसरं काहीतरी सैल करायला शिकवा, पण असंच वेळखाऊ."