चंद्रीची हजेरी

स्वाध्याय आज पाठवला नाही तर वर्ष बुडणार, आणि तो मोबाइलवरून पाठवायचा कसा, हेच सोजरबाईंना कळेना. घरात कॉलेजचं तोंड पाहणाऱ्या त्या पहिल्याच, तेही पन्नाशीत.

“सर, जरा थांबा की हो!” मोबाइलवर चाललेल्या ऑनलाइन तासात त्यांनी तिसऱ्यांदा विनवलं. नवख्यांच्या मदतीला नेमलेल्या सरांनी त्यांचा आवाजच बंद केला आणि ते स्वाध्याय पाठवण्याच्या पुढच्या सूचना वाचत सुटले.

“आमचे बुवा भर कीर्तनात मागच्या बाईच्या कपाळावरची आठी बघून थांबतात, पुन्हा समजावतात. अन् हा बाबा!” तणतणत त्यांनी मोबाइल चंद्री म्हशीपुढे गव्हाणीत ठेवला. चंद्री निवांत रवंथ करत राहिली.

“सगळ्यांना समजलं ना? छान!” सर म्हणाले. सोजरबाईंच्या नावापुढे हजेरीही लागली.

“चंद्रे,” सोजरबाई म्हणाल्या, “आता स्वाध्यायही तूच पाठव, माझे आई.”