सरांचं म्हातारं मशीन

अक्षर दाबायचं आणि ते पडद्यावर उमटायची वाट बघायची. ‘मंगल परिणय’ एवढे दोन शब्द होईपर्यंत धम्मपाल सरांचा चहा निवून गेला.

“बघ, परत अडकलं,” ते बायकोला म्हणाले. “मी कवाचं बटन दाबलंय. हे आपलं झोपा काढायलंय.”

चांगुणाबाईंनी चहा गरम करून आणला. कप नेहमीसारखा अर्धाच भरलेला. “म्हातारं झालंय ते. तुमच्याशिवाय त्याला कोण हाय? घ्या सांभाळून.”

सेलूत सरांचा टायपिंगचा क्लास होता, तेव्हा मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेल्याचंही ते कौतुक करत नसत. त्यांची स्वतःची बोटं साठावर पळायची. “बोटं मागं पडली की टेबल सोडायचं,” असं ते पोरांना बजावत, आणि सर बोलले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

क्लास बंद झाला, कॉम्प्युटर घरी आला. आता त्यावर आसपासच्या गावांच्या लग्नपत्रिका होतात. कोणत्या आजोबांचं नाव आधी घ्यायचं, कोणता मामा रुसेल, हे सरांना तोंडपाठ. मोबाईलवर फुकटात पत्रिका निघत असताना लोक इथे येतात आणि दोन-दोन दिवस थांबतात. चांगुणाबाईंना त्याचा भारी अभिमान. टेबलाशी ताठ बसलेला हा माणूस त्यांना आजही फार आवडतो, पण तोंडाने कबूल करतील तर शपथ.

आज मात्र सरांचा धीर सुटला. वालूरची पत्रिका उद्या छापायला द्यायची होती.

“सिद्धोधनला फोन लाव. नवीन पाठवतो म्हणून मागं लागलाय ना? पाठव म्हणावं पुण्याहून.”

चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. लेकाची ही गोष्ट त्यांनी तीनदा मोडून काढली होती. सरांच्या सदऱ्याची वरची गुंडी निघाली होती, ती लावून देत त्या म्हणाल्या, “आधी संघप्रियाला दाखवू. मंग काय ते करा.”

संघप्रिया सरांचीच विद्यार्थिनी. स्टेशन रोडला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. स्वतःची पोरं कॉलेजात गेली तरी सरांसमोर ती खुर्चीवर बसत नाही. दुपारी ती आली. तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला, धूळ पुसली, बटनं दाबून पाहिली. चांगुणाबाई दाराला टेकून तिच्याकडेच बघत होत्या.

“आजार काही न्हाई, सर. वय झालंय. नवीन नका घेऊ, त्याच्यावर हात बसायलाच सहा महिने जातील.”

“मंजे हे असंच रांगणार?”

“रांगू द्या की. तुमचा हात सुसाट, ते बिचारं कसं पुरं पडंल?”

सर एकदम खुलले. डब्याचं डोकं थोपटत म्हणाले, “चल बाबा. थांबतो मी तुझ्यासाठी.” फोनचं ते विसरूनच गेले, आणि वधूच्या आजोबांच्या नावाला हात घातला.

चांगुणाबाई संघप्रियाला सोडायला फाटकापर्यंत गेल्या. तिथे तिने आवाज हळू केला.

“काकू, मागच्याच साली आतलं सगळं नवं टाकलंय. सोडलं तर वाऱ्यासारखं पळंल. किती दिवस असं अडकवून ठेवायचं?”

आतून बटनाचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

चांगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले.

“दिवाळीला येशील तवा अजून जरा मंद कर, माय. यांच्या बोटांच्या मागंच राहू दे त्याला.”