स्टिअरिंगमागचा गूळ

लाल मुंग्यांची रांग पुढच्या टायरवरून चढून शर्यतीच्या गाडीत शिरत होती. हेमलताबाई वाकल्या. रांग स्टिअरिंगमागे चिकटवलेल्या पुडीपाशी संपत होती.

त्यांच्या मुलीला, शाल्मलीला, लहानपणापासून मधुमेह. शर्यतीत साखर उतरली तर तोंडात टाकायला त्या पुडीत गुळाचा खडा असे. “ही पोरगी गाडीतच मरणार,” असं नातेवाईक म्हणायचे. ती गेली घरी, झोपेत, साखर उतरून. उशाशी गूळ होता. पण तिला जागच आली नाही.

त्याला वर्ष झालं. तिच्या शर्यतीच्या क्लबमधली मुलं नव्या शिकाऊंसाठी गाडी मागायला आली, की नवरा-बायको एकमेकांकडे बघत “बघू” म्हणायची.

हेमलताबाईंनी पुडी सोडली. वर्षभरात गूळ पाघळून काळा पडायला हवा होता. हा पिवळाधमक होता.

मागे नवरा उभा होता, हातात हळदीची वाटी. “दर रविवारी बदलतो,” तो ओशाळून म्हणाला. “मेल्या मुंग्या ऐकत नाहीत. म्हटलं, हळद टाकावी.”

“अहो, पण कुणासाठी?”

“बॅटरी उतरू नये म्हणून गाडी सुरू करतो ना. गुळाशिवाय सुरू करायची नाही, असं तूच तर तिला बजावलं होतंस.”

मुंग्या खड्यावरून हेमलताबाईंच्या बोटांवर चढल्या, चावल्या. त्यांनी हात झटकला नाही.

“क्लबला फोन लावा,” त्या म्हणाल्या. “गाडी घेऊन जाऊ देत.”