आनंदरावांचा हात

“आधी तू,” आनंदराव म्हणाले.

प्रेरणाने चिंधीला हात पुसले आणि ती जीपच्या उघड्या बॉनेटमध्ये वाकली. इंजिन सुरू होतं. रेडिएटरच्या वरच्या पाइपला तिने पंजा टेकवला न टेकवला, आणि झटकन उचलला.

“तवा.”

“आन् खालचा?”

खालच्या पाइपवर तिचा हात जरा जास्त टिकला. “चहा. फुंकून प्यावा इतका.”

मग आनंदराव पुढे झाले. डोळे मिटून त्यांनी आधी वर, मग खाली हात ठेवला. झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, सावकाश. प्रेरणाला दर वेळी याचंच नवल वाटे. तिचा हात चटका बसून मागे येई, त्यांचा ठेवला की ठेवलेला.

“वर तवा, खाली चहा,” ते म्हणाले. “बरोबर. पाणी फिरून राहिलं, रेडिएटरही आपलं काम करून राहिला.”

भिलाईतल्या रुआबांध्याच्या त्या दुकानात गरमी मोजायचं यंत्र नव्हतं. कोमट, चहा आणि तवा, एवढीच तीन मापं. पण लोखंडाचं पाणी करणाऱ्या या गावात आनंदरावांच्या पंजाचं नाव होतं. थेट दुर्गपासून गाड्या यायच्या.

उद्यापासून दुकान प्रेरणाचं होणार होतं. आनंदराव नागपूरला मुलाकडे निघाले होते. दोन वर्षांत पाना, पक्कड, झाळणं, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. पण आठवडाभर तिला घास गोड लागत नव्हता. तो हात कुठून आणायचा?

“तीन मिस्त्री झाले, भाऊ,” जीपचे मालक दौलतराव सांगत होते. ते भिलाई-3चे, रेल्वेतून निवृत्त झालेले. “रेडिएटर नवा, पंप नवा, थर्मोस्टॅट नवा. गावात फिरवा, काटा हालत नाही. हायवेले लागली का दहा मिनिटांत उकळते. परवा ममताले सासरी सोडाले निघालो, तं कुम्हारीपाशी वाफेचं इंजिन झालं! लेक म्हणे, बाबा, मी बसनं जातो. जन्मभर डिझेल इंजिनावर काम केलं मी. काय इज्जत राहिली?”

मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुमीच पाहा, भाऊ. पोरीच्या हातानं नोका करू.”

प्रेरणाने ते ऐकलं. मान वर केली नाही.

“तिच्याच हातानं होईल,” आनंदराव म्हणाले. “मी हावो ना मागं. प्रेरणा, उभ्या गाडीत रोग दिसत नाही, पळत्या गाडीत दिसते. मंग काय करशील?”

ती जरा थांबली. “उभ्या उभ्याच पळवीन. रेस देऊन.”

“मंग थांबली कावून?”

दौलतराव स्टिअरिंगवर बसले. प्रेरणाने पंख्यापासून जपत, हाताला चिंधी गुंडाळून, खालच्या पाइपचं वळण मुठीत धरलं. तिथे नजर पोचत नव्हती.

“द्या रेस!”

इंजिन गरजलं. आणि तिच्या मुठीतला भरीव, टणक पाइप हळूहळू आत गेला. आक्रसला. पार चपटा झाला, जणू पलीकडून कोणीतरी जीव लावून ओढत होतं. दौलतरावांनी पाय सैल केला, तसा तो पुन्हा भरून आला. प्रेरणाच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं जनावर आतल्या आत पाणी पीत होतं, आणि त्याचा घोट तिच्या मुठीत लागला होता.

“काका,” ती कुजबुजली, “हा श्वास ओढून राहिला. पाइप पिचकते.”

“पुन्हा धर. घाई नोको करू.”

तिने पुन्हा धरला. पुन्हा तेच. मग आनंदरावांनी हात घातला, रेस मागितली, डोळे मिटले.

“पिचकते,” ते म्हणाले. “पंप खालच्या पाइपातून पाणी ओढते. रबर आतून पिलपिलं झालं. हळू चालवा तं टिकते, जोरात पळवा तं चपटं होते आन् पाणी बंद. उभ्या गाडीत नव्यासारखं दिसते, म्हणून कोणी बदललंच नाही.”

दौलतराव खाली उतरून आनंदरावांच्या पंजाकडे पाहतच राहिले.

प्रेरणाने आत तारेचं वेटोळं असलेला जाड पाइप बसवला. पाणी भरलं, हवा काढली. दौलतराव हायवेवर दूरवर जाऊन आले. पाऊण तास झाला, काटा निम्म्यावरून हालला नव्हता.

“भाऊ, हात आहे का थर्मामीटर!” बॉनेट उघडून देत ते ओरडले, आणि ममताला फोन लावायला रस्त्याकडे गेले.

आनंदराव इंजिनवर हात टेकून उभे राहिले. प्रेरणा त्यांच्यासमोर आली. आठवडाभर गिळलेलं एकदम बाहेर पडलं.

“काका, उद्या अशी गाडी आली तं मी कोणाले विचारू? माझं चुकलं तं? तुमचा हात कुठून आणू मी?”

ते तिच्याकडे मायेने पाहत राहिले. तेवढ्यात तिला वास आला. रबराचा नव्हे, तेलाचाही नव्हे.

“काका, हात! एक्झॉस्टवर हात आहे तुमचा!”

आनंदरावांनी सावकाश हात उचलला, उलटा केला. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटली होती. दुसऱ्या कोणाचा हात पाहावा तसे ते त्याच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नव्हती.

“साखरेच्या बिमारीनं हा कधीचाच नेला, पोरी, तू यायच्याही आधी,” ते म्हणाले. “दोन वर्षं तूच सांगून राहिली होती. मी नुसती मान हालवत होतो.”