चाळिसावी सही

संशोधक ताईंना नव्या गोळीच्या चाचणीसाठी मनोरुग्णालयातल्या चाळीस रुग्णांच्या सह्या हव्या होत्या आणि मुदत आजच संपत होती. एकोणचाळीस जणांनी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणत न वाचताच सह्या ठोकल्या. उरले होते निवृत्त मास्तर. मास्तरांनी बारापानी संमतिपत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. नियमानुसार ताई म्हणाल्या, "काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा." मास्तर वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले. गुण येईलच असं नाही, हात थरथरू शकतात, नकार दिला तरी उपचार चालूच राहतात, हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की ताईंनाही पहिल्यांदाच कळलं. "वा, मास्तर! करा सही." "छे! समजल्यावर कोण करतंय?" हिरमुसलेल्या ताईंनी 'निर्णयक्षमता उत्तम' असा शेरा लिहिला. मान वर केली, तर अख्खा वॉर्ड खोडरबर घेऊन शिस्तीत रांगेत उभा होता.